पोतोसीची चांदी, बऱ्हाणपूरचा रुपया

१५८० च्या दशकात राल्फ फिच नावाचा लंडनचा एक व्यापारी गोव्यातून जीव मुठीत धरून पळाला. पोर्तुगीजांनी त्याला हेर समजून होर्मुझला पकडलं होतं आणि गोव्याच्या तुरुंगात आणून टाकलं होतं. पोर्तुगालचा मुकुट तेव्हा स्पेनच्या दुसऱ्या फेलिपेच्या डोक्यावर होता, म्हणजे हा इंग्रज एका अर्थानं स्पेनच्याच राजाचा कैदी. बेळगाव, विजापूर, गोवळकोंडा असं भटकत तो बऱ्हाणपुरास पोचला. तिथं त्याला कापसाचं भरपूर कापड दिसलं आणि एक नाणं दिसलं. नाणं गोल, जाडसर, उत्तम चांदीचं. घरच्या लोकांना कळावं म्हणून त्यानं त्याची किंमत आपल्या भाषेत लिहिली: वीस पेन्स.

पुढे काही वर्षांनी सुरतेला वखार घालून बसलेले इंग्रज रुपयाची किंमत आपल्या वह्यांत दोन शिलिंग तीन पेन्स, म्हणजे सत्तावीस पेन्स मांडू लागले. वीस कुठे आणि सत्तावीस कुठे! दोन्ही आकडे शहाण्यासुरत्या व्यापाऱ्यांचे. पैशाच्या शब्दाचं भाषांतर किती अवघड असतं आणि किती सुंदर, ते या सात पेन्सांत दडलेलं आहे.

हा विषय इंदूर-इच्छापूर रस्त्यावरच्या शाहपुरात बसून लिहिण्याजोगा आहे. इथून बऱ्हाणपूर उत्तरेला हाकेच्या अंतरावर, महाराष्ट्राची हद्द दक्षिणेला तेवढीच जवळ. इथला केळीवाला घरात मराठी बोलतो, मंडीत हिंदीत भाव ठरवतो आणि रक्कम जमा झाल्याचा बँकेचा निरोप मोबाईलवर इंग्रजीत वाचतो. तीन भाषांतून पैसा जातो, तरी वाटेत एक रुपया कमी होऊन चालत नाही. स्पॅनिश भाषेतल्या पैशाच्या शब्दांना इंग्रजीत नेणाऱ्यापुढे नेमका हाच प्रश्न असतो, आणि तो प्रश्न या मुलखाला चारशे वर्षं ठाऊक आहे. कारण स्पॅनिश चांदी इथवर आली होती.

हिंदुस्थानात चांदीच्या खाणी नावालाच. रुपयाला लागणारी चांदी समुद्रावरून यायची, आणि ती यायची कापड, नीळ, मिरी यांच्या बदल्यात. झां-बाप्तिस्त ताव्हर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात बऱ्हाणपुरातून गेला. इथलं तलम, आरपार दिसणारं मलमल इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, कैरो, इतकंच काय पोलंड आणि मॉस्कोपर्यंत जातं, असं त्यानं नोंदवलं आहे. कापड बाहेर जाई, चांदी आत येई. आणि त्या काळी जगातली बहुतेक नवी चांदी एकाच साम्राज्याच्या खाणींतून निघत होती.

आजच्या बोलिव्हियात पोतोसी नावाचं गाव आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे चार हजार मीटर उंचीवर. तिथल्या डोंगरात १५४५ मध्ये चांदी सापडली. पुढच्याच वर्षी मेक्सिकोत साकातेकासची खाण लागली. १५५४ मध्ये बार्तोलोमे दे मेदिना यानं मेक्सिकोतल्या पाचुका इथं पाऱ्याच्या साहाय्यानं हलक्या मातीतूनही चांदी वेगळी करण्याची रीत बसवली, आणि मग चांदीचा लोटच सुरू झाला. पोतोसीत ती खणायला आसपासच्या गावांतून वेठीनं माणसं आणली जात. त्या वेठीचं नाव मिता. डोंगराच्या पोटात आणि पाऱ्याच्या वाफेत किती पिढ्या खपल्या ते आठवल्याशिवाय या चांदीबद्दल बोलूच नये.

त्या चांदीचं नाणं म्हणजे रेआल दे आ ओचो, आठ रेआलांचं एक नाणं. त्यालाच पेसो म्हणत; पेसो म्हणजे वजन. वजन सुमारे सत्तावीस ग्रॅम, त्यात शंभरातले त्र्याण्णव भाग शुद्ध चांदी. ते एका वाटेनं सेव्हियाला जाई, तिथून लंडन-अ‍ॅमस्टरडॅमला, आणि तिथून केप ऑफ गुड होपला वळसा घालून सुरतेला. दुसऱ्या वाटेनं ते भूमध्य समुद्रातून तांबड्या समुद्रावरच्या मोख्याला येई आणि हज-व्यापाराच्या जहाजांतून सुरत गाठी. तिसरी वाट सगळ्यात लांबची: मेक्सिकोतलं आकापुल्को, तिथून अथांग पॅसिफिक ओलांडून मनिला, आणि पुढे आशियाच्या बंदरांतून पश्चिमेला. मनिलाचं जहाज १५६५ पासून १८१५ पर्यंत, अडीचशे वर्षं, ये-जा करत राहिलं. पृथ्वीला दोन्ही बाजूंनी कवेत घेऊन ही चांदी आपल्याकडे येत होती, हे प्रथम वाचलं तेव्हा मी नकाशा काढून बोटानं तिन्ही वाटा फिरून पाहिल्या होत्या.

त्या काळातलं पोतोसीचं नाणं दिसायला ओबडधोबड. चांदीच्या कांबीचा तुकडा छाटायचा, कडा कातरून वजन जुळवायचं आणि दोन ठशांमध्ये ठेवून घण मारायचा. त्यावर टांकसाळीचं अक्षर, पोतोसीचं ‘पी’. शेजारी कस पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या नावाचं आद्याक्षर. आठचा आकडा. आणि कडेनं लॅटिनमध्ये राजाचं बिरुद: स्पेन आणि इंडीजचा राजा. आता बऱ्हाणपूरचा रुपया हातात घ्या. तोही घणाखालचा, ठसा नाण्यापेक्षा मोठा, म्हणून अक्षरं कडेबाहेर गेलेली. त्यावर बादशहाचं नाव, साल आणि टांकसाळीचं नाव; पुढे पुढे तर शहराचं बिरुदही, दार-उस-सुरूर, आनंदाचं घर. म्हणजे दोन्ही नाणी एकाच तऱ्हेची माहिती सांगतात: कुणाच्या हुकमानं, कुठं, कुणाच्या जबाबदारीवर. फक्त लिपी निराळी, राजा निराळा.

मोगल मुलखात परकं नाणं चलन म्हणून चालत नसे. कुणीही आपली चांदी टांकसाळीत न्यावी, ठरलेला खर्च द्यावा आणि रुपये पाडून घ्यावेत, असा खुला रिवाज होता. सुरतेच्या टांकसाळीत पुष्कळ चांदी मुशीत जाई, काही पुढे आतल्या शहरांच्या टांकसाळींत. बऱ्हाणपूर १६०१ पर्यंत अकबराच्या हाती आलं आणि तिथं मोगली रुपया पडू लागला. एखाद्या संग्रहातल्या बऱ्हाणपुरी रुपयात पोतोसीचा डोंगर असेल ही कल्पना अतिशयोक्तीची नाही. ‘इंडीजचा राजा’ असं मिरवणारं नाणं खऱ्या हिंदुस्थानात येऊन वितळत होतं आणि जहांगीराचं नाव घेऊन बाहेर पडत होतं.

आता हिशेब करू. सत्तावीस ग्रॅमच्या पेसोत शुद्ध चांदी जेमतेम पंचवीस ग्रॅम. रुपयाचं वजन साडेअकरा ग्रॅमच्या आसपास आणि कस फार उंच, त्यामुळे शुद्ध चांदी अकरा ग्रॅम. काट्यावर एक पेसो म्हणजे साधारण सव्वादोन रुपये. पण लंडनमध्ये पेसोची किंमत चार शिलिंग सहा पेन्स धरत, म्हणजे चोपन्न पेन्स. १७०४ मध्ये ॲन राणीच्या जाहीरनाम्यात हाच आकडा आला. चोपन्नाला सुरतेच्या सत्तावीस पेन्सांनी भागा. बरोबर दोन रुपये! मग वरचा पाव रुपया गेला कुठे?

इंग्रजी पेनीतली चांदी मोजली की कोडं सुटायला लागतं. पेसोत खरोखरच चोपन्न पेन्सांची चांदी होती. रुपयात मात्र चोवीस पेन्सांहून थोडी कमी. म्हणजे वह्यांत रुपयाला धातूपेक्षा तीन-साडेतीन पेन्स जास्त मांडले जात होते. लंडनची चांदी सुरतेच्या पेढीवर रुपया होऊन पडेपर्यंत तिला जहाजाचं भाडं लागे, बुडण्याची जोखीम लागे, टांकसाळीचा खर्च लागे आणि कित्येक महिने वाट पाहावी लागे. एवढ्याशा फरकात अख्खा समुद्र मावला आहे. फिचचे वीस पेन्स हा पाहुण्याचा अंदाज होता. सत्तावीस पेन्स हा तिथं बसून धंदा करणाऱ्याचा आकडा. पैशाच्या शब्दाचं चांगलं भाषांतर दुसऱ्या प्रकारचं असतं, असं माझं ठाम मत आहे. त्यात जागा आणि वेळ दोन्ही मोजलेले असतात.

हे मोजणारा माणूस म्हणजे सराफ. ताव्हर्नियेनं लिहून ठेवलं आहे की हिंदुस्थानात सराफ नसलेलं गाव म्हणजे अगदीच लहान म्हणायचं. पोर्तुगीजांनी हा शब्द उचलला, इंग्रजांनी त्याचा श्रॉफ केला. सराफ नाण्यावरचं नाव वाचायच्या आधी कसोटीच्या काळ्या दगडावर त्याची रेघ ओढी. ‘ऐन-ए-अकबरी’त कस पाहण्याची एक पद्धत तपशिलानं दिली आहे: वेगवेगळ्या कसाच्या धातूच्या सुया तयार ठेवायच्या, त्यांच्या रेघा दगडावर ओढायच्या आणि तपासायच्या धातूची रेघ कोणत्या रेघेशी जुळते ते पाहायचं. नाण्याची भाषा येत नसेना का, रेघ वाचता आली की पुरे.

आणि केवळ कसही पुरत नसे. वयही पाहावं लागे. ताज्या सालाचा रुपया तो सिक्का. त्याला पूर्ण किंमत. थोडा जुना झाला, घासला की तो चलनी, त्याला बट्टा. मागल्या बादशहाच्या कारकिर्दीतला असेल तर आणखी वेगळा भाव. सगळे रुपयेच, पण एकाच नावाखाली तीन किमती. शिंद्यांच्या अमलातही बऱ्हाणपुरात शाह आलमच्या नावानं रुपया पडत राहिला, तेव्हा पेशवाईत कुणी ‘शंभर रुपये दिले’ म्हटलं की समोरचा आधी विचारी, कोणते? चांदवडी की अंकुशी? आकडा सांगून भागत नसे.

या सावधगिरीचं मोल जगाला १६४९ च्या सुमारास कळलं. पोतोसीच्या टांकसाळीत अनेक वर्षं हलका कस चालवला जात होता, हे उघडकीस आलं. राजानं पाठवलेल्या फ्रान्सिस्को दे नेस्तारेस मारीन या तपासनिसानं चौकशी केली आणि १६५० मध्ये एक मातबर चांदीवाला आणि कस पाहणारा अधिकारी, दोघांना देहदंड झाला. नाण्यावरचं ‘पी’ अक्षर तोवर भरवशाची खूण होती. दूरदूरच्या बाजारांत त्याकडे संशयानं बघणं सुरू झालं. वजन तेच, नाव तेच, आकडा तोच आणि तरी अर्थ बदललेला. ज्यांच्याकडे कसोटीचा दगड होता त्यांना तो बदल वाचता आला.

टांकसाळीबद्दल बोलतोच आहे तर एक नवल सांगितल्यावाचून राहवत नाही. स्पॅनिशमध्ये टांकसाळीला एक जुना शब्द आहे, सेका. तो आला अरबीतून, नाण्याच्या ठशाला असलेल्या शब्दावरून. आणि तोच शब्द फारसीच्या वाटेनं आपल्याकडे आला तो सिक्का. स्पेनवर काही शतकं अरबी बोलणाऱ्यांचं राज्य होतं आणि दख्खनवर फारसी लिहिणाऱ्यांचं, त्यामुळे जमाखर्चाची पुष्कळशी भाषा दोन्हीकडे एकाच घराण्यातली. स्पॅनिशमध्ये जकातनाका म्हणजे आदुआना. त्याच्या मुळाशी आहे आपला दिवाण. विक्रीवर बसवलेला जुना कर आल्काबाला. त्याच्या मुळाशी आहे आपला कबाला, खरेदीखत. दरपत्रक म्हणजे तारिफा, आणि ते आपल्या तारीफ शब्दाचं सख्खं भावंड. जामीनकीला स्पॅनिशमध्ये आवाल म्हणतात. कोशकार त्याचं मूळ फ्रेंचमधून मागं नेत हवाला या शब्दापर्यंत पोचवतात. पण सांभाळायचं ते इथंच. तिकडे आवाल देणारा माणूस म्हणतो, ‘यानं नाही दिलं तर मी देईन.’ इकडे हवाला म्हणजे पैसे एका जागेवरून दुसऱ्या जागी पोचते करणं. मूळ एक, जबाबदारी वेगळी. कराराच्या कागदावर या दोघांची गल्लत झाली तर कुणाचं तरी घर लिलावात जाईल.

चांदी जड असते आणि वाट लांब. सुरतेहून बऱ्हाणपूर, तिथून आग्रा हा रस्ता डोंगरांचा, लुटारूंचा, लढायांचा. बऱ्हाणपूरचे सावकार इतके श्रीमंत की १६८१ मध्ये, संभाजी महाराजांच्या कारकिर्दीच्या आरंभी, हंबीरराव मोहित्यांच्या फौजेनं शहराबाहेरच्या बहादूरपुऱ्यावर छापा घातला तो तिथल्या संपत्तीसाठीच. अशा रस्त्यावरून पोती घेऊन कोण जाईल? म्हणून कागद जाई. तो कागद म्हणजे हुंडी.

स्पेनचे व्यापारीही हेच करत. त्यांचा कागद म्हणजे लेत्रा दे कांबियो, इंग्रजीत बिल ऑफ एक्स्चेंज. हे दोन कागद एकमेकांशेजारी ठेवले की अंगावर काटा येतो. स्पॅनिश कागदावर लिहितात ‘आ ला विस्ता’, दिसताक्षणी. इंग्रज लिहितात ‘ॲट साइट’. आपल्याकडे ती दर्शनी हुंडी. ठरलेल्या दिवसांनी पैसे द्यायचे असतील तर ती मुदती. स्पॅनिश कागदावर ‘आ ला ओर्देन’ असेल तर पैसे घेणाऱ्याला ते दुसऱ्याच्या नावे करता येतात. आपल्याकडे ती फर्मानजोग. ज्याच्या नावानं लिहिली त्यालाच मिळणार ती धनीजोग, आणि बाजारात पत असलेल्या शाहालाच द्यायची ती शाहजोग. या शेवटच्या जातीला स्पॅनिशमध्ये किंवा इंग्रजीत नेमका जोडीदार नाही. तिथं कागद माणसाचं नाव विचारतो. इथं बाजारातली पत विचारतो.

त्याहून मजेची गोष्ट प्रतींची. समुद्रात जहाज बुडालं तर कागदही बुडणार, म्हणून स्पॅनिश व्यापारी एकाच लेत्राच्या तीन प्रती वेगवेगळ्या जहाजांनी पाठवत: प्रिमेरा, सेगुंदा, तेर्सेरा दे कांबियो. एकीचे पैसे दिले की बाकीच्या रद्द. ही रीत स्पॅनिश बोलण्यात इतकी मुरली की ‘पहिल्याच फेरीला’ अशा अर्थानं ते आजही ‘आ लास प्रिमेरास दे कांबियो’ म्हणतात. आपल्या मुलखात समुद्र नव्हता, पण घाट होते आणि दरोडेखोर होते. हुंडी हरवली तर दुसरी प्रत द्यायची, ती पैठ. पैठही गेली तर तिसरी, ती परपैठ. एकमेकांना न भेटलेल्या दोन बाजारांनी एकाच भीतीवर एकच उपाय शोधला होता.

हुंडीत रक्कम लिहायची पद्धतही अशीच धोरणी. आकड्यात लिहायची, अक्षरात लिहायची आणि वर ‘निम्मे इतक्याचे दुप्पट’ असंही लिहायचं, म्हणजे कुणी एक शून्य वाढवलं तर हिशेब जुळणारच नाही. पैसे दिले की ती हुंडी खोका झाली. आणि जोखमी हुंडी तर अजबच: माल सुखरूप पोचला तरच पैसे द्यायचे. कर्ज, विमा आणि रक्कम पाठवणं, तिन्ही एका कागदात. स्पेनमध्ये जहाजावर दिल्या जाणाऱ्या एका कर्जाची अट हीच होती, जहाज बुडालं तर कर्जही बुडालं.

या सगळ्याची किंमत म्हणजे हुंडणावळ. ताव्हर्नियेनं सुरतेवर काढलेल्या हुंड्यांचे दरच देऊन ठेवले आहेत: अहमदाबादेहून शेकडा एक ते दीड, बऱ्हाणपुराहून अडीच ते तीन, आग्र्याहून सव्वाचार ते पाच. अंतर वाढलं, जोखीम वाढली की दर वाढतो. लढाई सुरू झाली की आणखी. हा शब्द मराठीनं टाकला नाही. विसाव्या शतकात रुपया आणि पौंड यांच्या दराचा मोठा वाद झाला, बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ मध्ये ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ लिहिला, तेव्हा मराठी वर्तमानपत्रांत त्या वादाला नाव होतं हुंडणावळीचा प्रश्न. आणि गावोगाव आजही म्हणतातच, चेक वटला नाही. वटणं, वटाव, वटणावळ ही सगळी सराफाच्या पेढीवरची लेकरं.

इंग्रजांनी हुंडीचं इंग्रजीत काय केलं? १८८१ मध्ये त्यांनी बिलं, वचनचिठ्ठ्या आणि चेक यांचा कायदा केला. तो आजही चालू आहे. चेक न वटल्याचा खटला त्याच्याच खाली उभा राहतो. त्या कायद्याच्या पहिल्याच कलमात म्हटलं आहे की पौर्वात्य भाषांत लिहिलेल्या दस्तऐवजांच्या स्थानिक रिवाजाला हा कायदा बाधा आणत नाही, दस्तऐवजातच तसं लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी. शब्द ओढूनताणून इंग्रजी करण्यापेक्षा मूळचा शब्द त्याच्या रिवाजासकट राहू द्यावा, हे त्या मसुदाकारांना कळलं होतं. भाषांतराच्या इतिहासातला हा एक शहाणपणाचा निर्णय आहे असं मला वाटतं.

आज स्पॅनिशमधून इंग्रजीत ताळेबंद, करार, कराच्या नोटिसा रोज जातात, आणि सराफाच्या दगडाची गरज तशीच आहे. ओब्लिगासियोन हा शब्द इंग्रजी ऑब्लिगेशनसारखा दिसतो. पण कंपनीच्या कागदात तो असतो कर्जरोखा. आक्सियोन म्हणजे कृती नव्हे, समभाग. बालान्से म्हणजे खात्यातली शिल्लक नव्हे. तो अख्खा ताळेबंद, आणि शिल्लक म्हणजे साल्दो. प्लुसव्हालिया तर तीन घरी नांदतो: मार्क्सच्या स्पॅनिश अनुवादात ते वरकड मूल्य, गुंतवणूकदाराच्या कागदात भांडवली नफा आणि स्पेनमधल्या नगरपालिकेच्या नोटिशीत जमिनीच्या वाढलेल्या किमतीवरचा कर. सोसिएदाद आनोनिमा शब्दशः ‘निनावी मंडळी’. प्रत्यक्षात भागभांडवली कंपनी, कारण भागीदारांची नावं तिच्या नावात येत नाहीत. एखेर्सिसियो म्हणजे व्यायाम नव्हे, हिशेबाचं वर्ष; पण कोणतं? स्पेनमध्ये ते बहुधा जानेवारी ते डिसेंबर. आपल्या सरकारचं एप्रिल ते मार्च. आणि दिवाळीच्या पाडव्याला नवी वही पुजणाऱ्या व्यापाऱ्याचं तिसरंच.

आकडे तर शब्दांहून फसवे. स्पॅनिश बियोन म्हणजे दशलक्ष गुणिले दशलक्ष, आपल्या बोलीत एक लाख कोटी. इंग्रजी बिलियन म्हणजे शंभर कोटी. हजारपटीचा फरक! ब्रिटनही पूर्वी बिलियनचा मोठा अर्थ घेई. १९७४ मध्ये तिथल्या सरकारनं अधिकृत आकडेवारीत छोटा अर्थ स्वीकारला. स्पॅनिशनं स्वीकारला नाही. शंभर कोटीला ते मिल मियोनेस, ‘हजार दशलक्ष’ म्हणत राहिले, आणि १९९५ मध्ये वेनेझुएलाचे राष्ट्राध्यक्ष राफाएल काल्देरा यांच्या आग्रहावरून स्पॅनिश अकादमीनं मियार्दो हा एक शब्द मान्य केला. त्यातच विरामचिन्हांची अदलाबदल. स्पेनमध्ये हजाराजवळ टिंब आणि दशांशाजवळ स्वल्पविराम. इंग्रजीत नेमकं उलट. आणि मेक्सिको स्पॅनिश बोलूनही दशांशाला इंग्रजीसारखं टिंबच देतो. लाख-कोटीचे स्वल्पविराम वापरणाऱ्या आपल्या डोळ्यांना याची जाण पटकन येते, कारण १,००,००० आणि १००,००० हे एकाच रकमेचे दोन चेहरे आपण नेहमीच पाहतो.

म्हणून मला वाटतं, असा शब्द समोर आला की आधी कोश उघडू नये. आधी विचारावं: कुणी द्यायचे, कुणाला, केव्हा, कुठल्या नाण्यात, आणि दिले नाहीत तर काय? याची उत्तरं दोन्ही भाषांत जुळली म्हणजे शब्द जुळला. बऱ्हाणपूरचा सराफ हुंडी सकारताना हेच पाहत होता.

या कसोटीला एक शब्द मला फार देखणा वाटतो. वचनचिठ्ठीला स्पॅनिशमध्ये पागारे म्हणतात, आणि ते नाम म्हणून वापरलं तरी मुळात क्रियापद आहे: ‘मी देईन.’ पूर्वीच्या पेसेताच्या नोटांवरही बँक ऑफ स्पेन धारकाला इतके पेसेता देईल, असं छापलेलं असे. आपल्या नोटेवर गव्हर्नरच्या सहीवर तेच वाक्य हिंदीत आणि इंग्रजीत आहे. नोट उलटी केली की एका उभ्या चौकटीत तीच रक्कम आणखी पंधरा भाषांत दिसते. संस्कृत ओळीत पञ्चशतं रूप्यकाणि, उर्दूत उजवीकडून डावीकडे, प्रत्येकीचा व्याकरणाचा साज निराळा आणि सगळ्यांची किंमत अगदी सारखी. क्रम भाषांच्या इंग्रजी नावांप्रमाणे, आसामीपासून उर्दूपर्यंत. शाहपुरात केळीच्या व्यवहारात फिरणाऱ्या पाचशेच्या नोटेवर वरून आठवी ओळ मराठीची आहे, मल्याळमच्या खाली आणि नेपाळीच्या वर: पाचशे रुपये.